माझ्या नावाला पडलेलं धान

हटवारभाऊंचा फोन आला तेव्हा मी बरबटीच्या शेंगा मोडत बसले होते. हटवारभाऊ म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. लाखनीहून हायवे सोडून थोडं आत गेलं की या संस्थेची मुलींची निवासी शाळा लागते. तिथं मी साधी शिक्षिका म्हणून लागले आणि मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीलाही आता काही वर्षं झाली.

"बाई, बसून आहा ना?" त्यांनी विचारलं.

"बसूनच आहे. बोला."

"पोरींच्या नव्या वसतिगृहाले तुमचं नाव द्यायचं ठरलं. शकुंतलाबाई निंबार्ते कन्या वसतिगृह. मीटिंगमध्ये एकही माणूस आडवा आला नाही."

शेंगांचं ताट मांडीवरून खाली गेलं. अशा वेळी म्हणायची रीत असते, "कशाला हो माझं नाव, मी काय केलं एवढं?" तेही मी म्हटलं. पण हटवारभाऊ पडले सरळ माणूस. माझं बोलणं खरं मानून त्यांनी बेत रद्दच केला तर? म्हणून मीच त्याच दमात पुढे म्हणाले, "पण आता तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच आहे तर मी कोण नाही म्हणणार!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी माझ्या दोन्ही बहिणींना, शेजारच्या घरी, किराणा दुकानात आणि दूधवाल्याला कळली होती. कोणी सांगितली ते विचारू नका. दुसऱ्या दिवशी ई-रिक्षा करून मी इमारत बघायला गेले. जुनी कवेलूची, म्हणजे कौलांची, बैठी इमारत पाडून तिथं दोन मजली नवी उभी राहिलेली. दारावर पाटीसाठी एक लांबट कोरी जागा सोडली होती. तिच्याकडे मी इतका वेळ मान वर करून पाहत राहिले की चौकीदार धावत आला.

"काय झालं बाई? भेग पडली काय?"

"नाही रे बाबा. जागा पुरेल का ते पाहून राहिली."

लोकांनी विनय शिकावा म्हणून मी जन्मभर शाळेत सुविचार लिहून घेतले. स्वतःची वेळ आली तेव्हा तो विनय घरी खुंटीला टांगून ठेवावा लागला. आनंद झाला होता, तो लपवायचं मला जमेना.

त्या आनंदाला पहिला खडा लागला तो प्रमिलाच्या फोनमुळे. प्रमिला त्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. म्हणजे मुलींसोबत तिथंच राहणारी, त्यांचं खाणंपिणं, दुखणीखुपणी पाहणारी बाई. ती माझीच विद्यार्थिनी.

"बाई, अभिनंदन! मले लय आनंद झाला," ती म्हणाली. "पण बाई, धान टाकावं लागन ना?"

"कायचं धान?"

"नावासाठी. तुमचाच नियम हाये. जे पोरगी त्या इमारतीत झोपते, तिले इचारल्याशिवाय नाव नाई."

नियम माझाच होता. आणि तो मी का केला हे सांगितल्याशिवाय पुढची मजा तुम्हाला कळणार नाही.

निवासी शाळेत आमचं काम शिकवण्याचं, असं बाहेरच्यांना वाटतं. शिकवणं साडेचारला संपतं. खरी नोकरी त्यानंतर सुरू होते. कोणाच्या डोक्यात उवा झाल्या, कोणाला खरूज उठली, कोणाची आई रविवारी आली नाही, कोणी कोणाशी बोलत नाही आणि का, हे सगळं ज्या बाईला माहीत असतं तिचंच वसतिगृह चालतं. जुलैचे पहिले आठ दिवस तर परीक्षाच. पाचवीतली एखादी रडायला लागते आणि तिचं पाहून सगळी खोली सूर धरते. अशा वेळी समजूत काढायला जाऊ नये, रडणं वाढतं. मी त्यांच्यासमोर तांदळाची परात ठेवायची आणि खडे निवडायला सांगायची. डोळे भरलेले असले की खडा दिसत नाही, म्हणून पोरी आपोआप डोळे पुसतात. हे कोणत्याही पुस्तकात नाही, मला आमच्या स्वयंपाकिणीनं शिकवलं.

पालकांच्याही तऱ्हा. नाकाडोंगरीकडून एक आजोबा नातीला घेऊन आले होते. अर्ज भरायच्या आधी म्हणाले, "खाट दाखवा." दाखवली. पागोटं काढून उशाला घेतलं आणि त्या लोखंडी खाटेवर सरळ आडवे झाले. या कुशीवर, त्या कुशीवर. मी आणि तेव्हाची अधीक्षिका दारात उभ्या. अर्ध्या तासानं उठले आणि म्हणाले, "बरं हाये. झोपन पोरगी. करा नाव दाखल." तपासणीला आलेल्या एकाही साहेबानं आमच्या खाटांची एवढी नीट तपासणी केली नाही.

आता खोल्यांच्या नावांचं. आमच्या भागात गावाला तलाव नसेल तर ते गाव कसलं! जुन्या लोकांनी बांधलेले मोठाले तलाव, त्याखाली धानाची बांधी, म्हणजे भातखाचरं. पोरगी घरची आठवण काढते म्हणजे अर्धी आईची काढते आणि अर्धी तलावाची. एकदा अशीच एक नवी मुलगी रडता रडता आपल्या गावचा तलाव सांगायला लागली. किती मोठा, कमळं किती, पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, चिंच कोणती. ते ऐकून दुसरीनं डोळे पुसले आणि म्हणाली, "त्याहून आमचा मोठा." रडणं राहिलं बाजूला, तलावांची भांडणं सुरू झाली. मला युक्ती सुचली. मी खडू घेतला, दारावरचं "खोली क्रमांक तीन" पुसलं आणि पहिल्या मुलीच्या तलावाचं नाव लिहिलं, "कमळी तलाव". पोरी खूश. मी त्याहून खूश.

सकाळी पाच पोरी पेट्या घेऊन वऱ्हांड्यात बसलेल्या.

"काहून गं?"

"आमी त्या खोलीत झोपणार नाई."

"अगं पण काहून?"

त्यांच्यातली मोठी म्हणाली, "त्यायनं औंदा तुडूम उघडलं नाई. आमचं धान वाळवलं. त्यायच्या तलावात आमी झोपावं काय?"

तुडूम म्हणजे तलावाचं पाणी खाली सोडायचं तोंड. कमळी तलाव वरच्या गावाचा, आणि या पाच जणी खालच्या गावाच्या. वरच्यांनी पाणी सोडलं तरच खालच्यांची बांधी भिजते. हे मला कळायला नको? पुण्याहून आलेली बाई असती तर तिला माफ होतं. मी याच मातीतल्या शेतकऱ्याची लेक, माझ्या बापानं याच कारणावरून भावकीशी बोलणं सोडलेलं. तरी मी भोळ्यासारखी दारावर लिहून मोकळी झाले. दोन दिवस पोरी वऱ्हांड्यात. समजावायला म्हणून त्यांच्या बापांना बोलावलं, तर ते आले आणि पोरींच्या पाठीवर हात फिरवून, माझ्याच हातचा चहा पिऊन निघून गेले.

शेवटी मी म्हटलं, मतदान घेऊ. हात वर करायला सांगितले. पण हात गावागावानं वर जायला लागले. एक पोरगी हात वर करायच्या आधी आपल्या गावच्या मोठीकडे पाहायची. म्हणून धान. कोठीच्या खोलीत दोन गडवे, म्हणजे तांबे, ठेवायचे, एकेका नावाचा एकेक. प्रत्येकीनं एकेक धानाचा दाणा घेऊन एकटीनं आत जायचं आणि वाटेल त्या गडव्यात टाकायचा. कोणाला दिसायचं नाही, कोणी विचारायचं नाही. पहिल्या वेळी अठ्ठावीस मुलींचे एकतीस दाणे निघाले. धानाचं पोतं त्याच खोलीत होतं हे आमच्या ध्यानातच आलं नाही! त्यानंतर दाण्यांना हळद लावून द्यायला लागलो.

तेव्हापासून नियम झाला. जिथं जी झोपते, तिथलं नाव ती ठरवते. पाहुण्यांना मी हे फार ऐटीत सांगत असे. "आमच्या शाळेत नाव वरून येत नाही," असं एक वाक्यही मी बसवलं होतं. प्रमिलानं फोनवर तेच वाक्य मला जसंच्या तसं ऐकवलं.

मी हटवारभाऊंना विचारलं. ते उखडलेच. "निवडणूक कायले, बाई? पत्रिका छापून आल्या, तारीख तेवढी टाकायची बाकी. आमदार साहेबाले तारीख मागितली." मलाही मनातून हेच हवं होतं. "हो ना, राहू द्या," एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. पण तेवढं माझ्या तोंडून निघेना. ज्या नियमाचा तोरा मी इतकी वर्षं मिरवला, तो स्वतःच्या नावापुरता गुंडाळून ठेवायची लाज वाटली. आणि खरं सांगू? मी जिंकणार याबद्दल मला शंका नव्हती. मतदान होईल असं हटवारभाऊंना सांगून मी प्रमिलाला फोन लावला आणि विचारलं, "माझ्याविरुद्ध उभं कोण आहे?"

प्रमिला म्हणाली, "सातबहिणी."

सातबहिणी हा प्रमिलाच्या गावचा तलाव. आता तो नाही, आणि ते गावही नाही. गोसीखुर्दच्या धरणाच्या पाण्यात दोन्ही गेले.

ती दहावीत होती तेव्हाची गोष्ट. हुशार पोरगी, अक्षर मोत्यासारखं. बोर्डाची परीक्षा पंधरा दिवसांवर आली असताना मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"बाई, परवा गाव सुटून राहिलं," ते म्हणाले. "तलावाच्या पाळीवर शेवटचं गावजेवण हाये. दिल्या घरच्या साऱ्या लेकी बलावल्या. म्हाताऱ्या म्हाताऱ्या लेकी येऊन राहिल्या. हे बी गावाची लेकच होय. दोन दिवसासाठी धाडा."

मी म्हटलं, "परीक्षा तोंडावर आहे, दादा. आता तिचं मन हललं तर वर्ष जाईल. पेपर झाले की मी स्वतः पाठवते. गाव कुठं पळून जाते?"

"पळूनच जाऊन राहिलं बाई," ते म्हणाले, आणि गेले. प्रमिला दाराआड उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती वर्गात जाऊन बसली.

पेपर झाल्यावर ती गेली तेव्हा तिथं एकही घर उभं नव्हतं. लोकांनी छपराचे फाटे, दारं, कवेलू सगळं काढून नव्या वसाहतीत नेलं होतं. आपली गल्ली कोणती हेही तिला ओळखू आलं नाही. त्या पावसाळ्यानंतर तर तिथं नुसतं पाणीच. पुढच्या जुलैत तिच्या खोलीतल्या पोरींनी खोलीला "सातबहिणी" नाव दिलं. एकही दाणा विरुद्ध पडला नाही.

प्रमिला केंद्रात पहिली आली. आणि मी काय केलं? दर वर्षीच्या स्नेहसंमेलनात ही गोष्ट सांगायला लागले. "गाव बुडत होतं, पण आमची मुलगी पेपर सोडवत होती!" हमखास टाळ्या. पुढे ती आमच्याकडेच अधीक्षिका म्हणून लागली, तरी मी सांगतच होते. ती मागे उभी राहून ऐकायची.

डोळे उघडले ते नोकरीच्या शेवटच्या वर्षी. एका मुलीच्या बहिणीची हळद होती आणि दुसऱ्या दिवशी इथं सराव परीक्षा. प्रमिलानं मला न विचारता तिला घरी पाठवलं. मी ऑफिसात बोलावून तिला फैलावर घेतलं. ती शांतपणे म्हणाली, "मीच धाडली, बाई. पेपर पुन्हा घेता येते." बस, एवढंच. ती निघून गेल्यावर, तिनं काय बोलायचं टाळलं ते मला लख्ख कळलं. पण कळलं म्हणून मी तिला जाऊन काही म्हटलं का? नाही. शाल, श्रीफळ घेतलं आणि निवृत्त झाले.

तर अशी ती सातबहिणी माझ्यापुढे उभी होती. जुनी इमारत पाडली तेव्हा त्या खोलीचं दारही गेलं. नव्या इमारतीत कंत्राटदारानं सगळ्या खोल्यांवर आकडे रंगवले होते. पोरींचं म्हणणं, आता अख्ख्या इमारतीलाच सातबहिणी नाव द्या. मुलींच्या वसतिगृहाला याहून गोड नाव मला शोधूनही सापडलं नसतं, हा आणखी एक ताप.

मी प्रचाराला लागले. या वयात, या पायांनी! दोन डबे शेंगदाण्याचे लाडू वळले आणि भेटीच्या रविवारी शाळेत गेले. फाटकातच प्रमिला.

"डब्यात काय हाये बाई?"

"काही नाही गं, लेकरांसाठी खाऊ."

तिनं दोन्ही डबे माझ्या हातातून काढून घेतले. "मतदान होईपर्यंत डबे कोठीत राहतीन. नंतर वाटू. जिंकल्या तं बी, हरल्या तं बी." हसत होती, पण कोठीला कुलूप लावूनच आली. मनातून इतका राग आला आणि इतकं बरंही वाटलं. माझ्या वेळी एवढी कडक अधीक्षिका मला कधी मिळाली नव्हती.

सभा भरली. चौऱ्याहत्तर मुली आणि मी. त्यांच्यातली एकही माझ्या हाताखाली शिकलेली नाही. मी शाळेसाठी काय काय केलं ते सांगायला लागले. विहीर, ग्रंथालय, न्हाणीघरं. पोरी ऐकत होत्या, पण जांभयाही देत होत्या. मग सातवीतली एक चुणचुणीत पोरगी उठली. नाव पल्लवी. ही सातबहिणीची प्रचारप्रमुख.

"बाई, तुम्ही तं जिवंत आहा," ती म्हणाली. "तुम्हाले पाहाचं असन तं लाखनीले येऊन पाहता येते. तो तलाव आता कुठंच नाई. मंग नाव कोणाले द्यावं?"

अख्ख्या कारकिर्दीत संस्थाचालकांपासून अधिकाऱ्यांपर्यंत कोणाला मी उत्तरावाचून सोडलं नाही. या पोरीपुढे मात्र शिक्षिकेची जुनी खोड आडवी आली, तोंडातून "शाब्बास" निघून गेलं. सातबहिणीवाल्यांनी टाळ्या पिटल्या. माझ्या उमेदवारीचं तिथंच पाणी झालं असं मला वाटलं.

मला वाचवलं ते पाचवीतल्या एका बारक्या पोरीनं. ती जागेवरूनच ओरडली, "पण सातबहिणीच्या नावाची खोली तं होती ना आधी! बाईच्या नावाचं तं कायीच नाई. बिचाऱ्या!"

सगळी सभा हसली. मीही हसले. पण तो "बिचाऱ्या" शब्द खोलीखोलीतून फिरला, हे मला नंतर कळलं.

मतदान पोळा झाल्यावरच्या शनिवारी ठेवलं. हळद लावलेले दाणे, दोन गडवे, सगळं नियमाप्रमाणे. मुलींचे चौऱ्याहत्तर, आणि अधीक्षिकाही त्याच इमारतीत झोपते म्हणून प्रमिलाचा एक. मला मत नव्हतं, मी घरी झोपते. हटवारभाऊ "मी यात नाही" म्हणत आले आणि सगळ्यांत पुढे खुर्ची टाकून बसले. पोरी एकेक करून आत जात, बाहेर येत, कोणी हाताची मूठ झाकून, कोणी ओढणीत तोंड लपवून. प्रमिला सगळ्यांत शेवटी गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला काहीही वाचता आलं नाही. मी फार निरखून पाहिलं.

मोजणी परातीत. स्वयंपाकीणबाई दाणे मोजायला, एका बाजूला पल्लवी, दुसऱ्या बाजूला माझी ती पाचवीतली. वीस-वीसपर्यंत दोन्ही ढीग सारखेच. निवृत्तीच्या वयात एवढं काळीज उडायला नको, पण उडत होतं. हटवारभाऊ खुर्ची सोडून परातीजवळ उकिडवे बसलेले. तीस. तीस. चौतीसवर सातबहिणीचा गडवा रिकामा झाला. माझ्या गडव्यातले दाणे अजून पडतच होते. एक्केचाळीस!

पोरींनी जो कल्ला केला! पल्लवी पाय आपटत निघून गेली आणि दोन मिनिटांनी कोठीसमोर लाडवाच्या रांगेत पहिली उभी. मतदानात हरलेल्या त्या पोरीच्या हातावर मी दोन लाडू ठेवले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. एक्केचाळीस पोरींनी, मला ओळखत नसताना, कीव करून का होईना, मला निवडलं होतं. कार्यकारिणीच्या ठरावानं झाला नव्हता एवढा आनंद मला त्या पिवळ्या दाण्यांनी झाला.

समारंभ पुढच्या आठवड्यात. निळ्या काठांची नवी साडी, मंडप, पाटीवर गुलाबी पडदा. पाहुणे उशिरा येणार हे ठरलेलंच. चटयांवर पोरी कंटाळून गाणी म्हणत होत्या. प्रमिला सकाळपासून पायावर उभी, कुठं माईक, कुठं पाणी. मी वसतिगृहाच्या आतल्या वऱ्हांड्यात भाषणाचा कागद वाचत होते. कागदावर तीच गोष्ट लिहिलेली होती, गाव बुडत होतं आणि पोरगी पेपर सोडवत होती. सवयीनं लिहून गेले होते. प्रमिला माझ्यासाठी चहा घेऊन आली.

कप हातात देऊन ती गेली नाही. म्हणाली, "बाई, एक सांगू? मी तुमच्या नावाले धान नाई टाकलं."

मी कप खाली ठेवला. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? चौतीस दाण्यांतला कोणताही दाणा मला चालला असता, फक्त तो नाही.

"मी त्या दिवशी तुले जाऊ द्यायले पाहिजे होतं," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आमच्याकडे अशा वेळी कोणीही म्हणेल, "जाऊ द्या बाई, झालं गेलं." मी त्याचीच वाट पाहत होते. प्रमिला म्हणाली, "हो बाई. पाहिजे होतं." डोळे माझ्यावरून न काढता म्हणाली. मग माझ्या खांद्यावरचा निसटलेला पदर तिनं नीट केला, पिन लावली. "चला. पाहुणे आले. तुमचं नाव उघडायचं हाये."

पडदा उघडला. पाटी सुरेख झाली होती, अक्षरं ठसठशीत. मी ती दोनदा वाचली. मग हार, मग पाहुण्यांचं लांबलचक बोलणं, मग माझा नंबर. मी माईकसमोर कागद उघडला. समोर चटयांवर पोरी, त्यांच्यामागे प्रमिला उभी, हाताची घडी घालून, ही गोष्ट ऐकताना ती नेहमी जशी उभी असायची तशीच.

मी कागद मिटला.

"पोरींनो," मी म्हटलं, "तुमच्या अधीक्षिकाबाईंच्या गावाचं शेवटचं जेवण होतं. गावच्या सगळ्या लेकींना बोलावणं होतं. यांचे वडील घ्यायला आले होते. मी पाठवलं नाही. परीक्षा आहे म्हटलं. ती परीक्षा पुढच्या वर्षीही देता आली असती. जेवण पुन्हा झालं नाही. मी चुकले. ही गोष्ट मी आजवर माझी शाबासकी म्हणून सांगत आले, तेही चुकले."

मंडपात कोणी टाळी वाजवली नाही. हटवारभाऊ पाहुण्यांकडे पाहायला लागले, पाहुणे घड्याळाकडे. प्रमिला सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली. चटईवर, पोरींच्या मधोमध, पदर तोंडाला लावून. पल्लवी सरकत तिच्याजवळ गेली आणि तिच्या पाठीवर आपला एवढासा हात ठेवून बसली.

मी माईक सोडला, मंचाच्या पायऱ्या उतरले आणि नव्या साडीनिशी तिच्याजवळ चटईवर जाऊन बसले. ती रडत होती, मीही रडत होते, आणि मागून कोणीतरी पोरगी विचारत होती, "जेवण कवा हाये?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात माझ्या नावाची पाटी आहे, हारांसहित पाहुणे आहेत, हटवारभाऊ आहेत. सत्कारमूर्तीची खुर्ची रिकामी आहे.